तीन कळा आणि एक नोंदवही

एमएस-सीआयटीचे वर्ग २००१ नंतर महाराष्ट्रभर पसरले, तसे ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठेतल्या गाळ्यांतही आले. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागू लागले होते. बारावी झालेली पोरे, शाळामास्तर, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातले कारकून अशी सगळी मंडळी भिंतीला लावलेल्या संगणकांपुढे बसली. माऊसवर हात बसण्याआधीच त्यांना एक संवाद पाठ झाला. "सर, हँग झाला." "तिन्ही दाबा." तिन्ही म्हणजे कोणत्या, हे विचारायची गरज कुणाला पडत नसे. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. संगणक मुळात का अडला, हा प्रश्न मात्र तासाच्या गडबडीत राहून जाई. तो प्रश्न जगभर असाच राहून गेला होता. त्यामागे मोठा इतिहास आहे.

ही युक्ती तेव्हा वीस वर्षांची झाली होती आणि ती सामान्य माणसासाठी बनवलेलीच नव्हती. अमेरिकेत फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे आयबीएमने १९८० साली बारा अभियंत्यांची एक तुकडी बसवली आणि वर्षभरात घरगुती वापराचा संगणक तयार करा असे सांगितले. त्यांतले एक डेव्हिड ब्रॅडली. संगणक चालू होताच सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्राम, म्हणजे बायोस, त्यांच्याकडे होता. नवे यंत्र, नवे प्रोग्राम, त्यामुळे मशीन दिवसातून कितीतरी वेळा अडे. प्रत्येक वेळी वीज बंद करून पुन्हा चालू केली की मशीन आपली सगळी मेमरी पहिल्यापासून तपासत बसे, आणि मेमरी जितकी जास्त तितका खोळंबा जास्त. प्रोग्राम लिहिणारे वैतागले. ब्रॅडली यांनी त्यांच्यासाठी एक चोरवाट केली: ठरावीक कळा एकदम दाबल्या की मशीन वीज न तोडता नव्याने सुरू होईल.

चोरवाट चालायची कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. कोणतीही कळ दाबली की प्रोसेसर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवतो आणि बायोसमधला एक छोटा प्रोग्राम चालवून कोणती कळ आली ते बघतो. त्या प्रोग्रामात ब्रॅडली यांनी एक तपासणी घातली. या तिन्ही कळा एकत्र दिसल्या तर मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी १२३४ ही सोळा-अंकी पद्धतीतली संख्या लिहायची आणि थेट सुरुवातीला उडी मारायची. सुरुवातीचा प्रोग्राम ती जागा वाचतो; १२३४ दिसली की मेमरीची तपासणी गाळतो. एवढेच. ब्रॅडली यांनी पुढे वारंवार सांगितले की हे काम त्यांनी काही मिनिटांत उरकले होते.

आधी त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप निवडल्या होत्या. त्या तिन्ही डाव्या बाजूला, एका हाताच्या टप्प्यात. चुकून दाबल्या जायच्या आणि केलेले काम जायचे. सहकारी मेल हॉलरमन यांनी सुचवले की तिसरी कळ उजव्या टोकाची घ्या. म्हणून डिलीट आली आणि दोन हात लागू लागले. आणीबाणीचा उपाय सहजासहजी घडता कामा नये, ही जाण त्या काही मिनिटांच्या कामातही होती याचे मला फार कौतुक वाटते. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाजारात आला. ही जोडणी आतल्या लोकांपुरती राहायची होती, पण माहितीपुस्तिकांमध्ये ती छापली गेली आणि तिथून जगाच्या हाती लागली.

विंडोजआधीच्या डॉस प्रणालीच्या काळात या जोडणीचा फारसा दोष नव्हता. एका वेळी एकच प्रोग्राम चाले. तो अडला तर जायचे ते त्याचेच काम जाई. खरी अडचण विंडोजने आणली. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये अनेक प्रोग्राम एकत्र उघडत, पण प्रत्येकाने आपले काम झाले की आपणहून बाजूला सरकायचे आणि दुसऱ्याला प्रोसेसर द्यायचा, असा सगळा मामला भलेपणावर होता. एखादा प्रोग्राम चक्रात अडकला की बाकीचे सगळे त्याच्यामागे ताटकळत. शिवाय एकाने दुसऱ्याच्या मेमरीत लिहिले तरी अडवणारे कुणी नव्हते. म्हणजे वर्डमधले पत्र जाई, आणि दोष दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामचा असे. तीन कळा दाबल्या की सगळेच जाई.

१९९२ च्या विंडोज ३.१ ने यात एक पायरी घातली. पहिल्यांदा तिन्ही कळा दाबल्यावर निळा पडदा येई: अडलेला प्रोग्राम बंद करायचा की सगळेच नव्याने सुरू करायचे, की नुसती वाट बघायची? त्या पडद्यावरचा मजकूर पुढे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेल्या स्टीव्ह बामर यांनी स्वतः लिहिला होता. त्याच आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली, जिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. डॉक्टर वॉटसन नावाचा एक छोटा प्रोग्राम. कोणता प्रोग्राम कोणत्या ठिकाणी कोसळला, त्या वेळी प्रोसेसरमध्ये काय होते, हे तो एका फाईलमध्ये लिहून ठेवी. सुटकेची कळ आणि कोसळल्याची नोंद अशी दोन्ही एकाच वर्षी लोकांच्या संगणकात आली. कळ सगळ्यांनी शिकून घेतली. नोंद कुणी उघडलीही नाही.

मूळ दुरुस्ती चालू नव्हती असे नाही. १९९३ च्या विंडोज एनटीने प्रत्येक प्रोग्रामची मेमरी वेगळी कोंडली आणि प्रोसेसर वेळेवर काढून घ्यायचा अधिकार स्वतःकडे ठेवला. एक प्रोग्राम अडला तर तो एकटाच अडावा, अशी ती रचना. गंमत म्हणजे याच एनटीने तीन कळांना वेगळे काम दिले: लॉगिन करण्याआधी त्या दाबायच्या. त्या कळा थेट प्रणालीच्या गाभ्यापर्यंत जातात, मधल्या कुठल्या प्रोग्रामला पकडता येत नाहीत, म्हणून पासवर्ड चोरणारा खोटा पडदा त्यांच्यापुढे टिकत नाही. पण एनटी महाग होती, मेमरीही जास्त मागे. घरांत आणि छोट्या कार्यालयांत आधी विंडोज ९५ आणि मग ९८ चालत राहिली. गाभा भक्कम असलेली विंडोज सामान्य माणसाकडे पोचली ती ऑक्टोबर २००१ मध्ये, एक्सपीच्या रूपाने. आपल्याकडच्या तालुक्यांत तिला यायला आणखी काही वर्षे लागली.

त्या काही वर्षांत शिरूर-दौंडच्या पट्ट्यात संगणकापुढे बसलेल्या माणसाला आणखी एक शत्रू होता: भारनियमन. ग्रामीण महाराष्ट्रात त्या दशकात दिवसाचे कित्येक तास वीज नसे आणि ती जायची ठरल्या वेळेआधीच. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. वीज आली की विंडोज ९८ चा निळा पडदा उभा राही: मागच्या वेळी संगणक नीट बंद केला नव्हता, आता डिस्क तपासतो. स्कॅनडिस्कची ती पट्टी सरकताना बघत बसलेली माणसे आजही कुठल्याही जुन्या डीटीपी सेंटरवाल्याला आठवतील. लग्नपत्रिका अर्धी झालेली, गिऱ्हाईक बाकावर बसलेले. बहुतेक जण एस्केप दाबून तपासणी गाळत. तीही एक सुटकेची कळच.

आत काय होत होते? विंडोज ९८ च्या डिस्कवर कोणता तुकडा कोणत्या फाईलचा याचा एक तक्ता असे. फाईल लिहिताना मजकूर, तक्ता आणि फाईलींची यादी अशा तीन ठिकाणी लिहावे लागे. मधेच वीज गेली तर तक्ता एक सांगे आणि यादी दुसरे. बेवारस राहिलेले तुकडे स्कॅनडिस्क गोळा करी आणि त्यांना फाईल०००० अशी नावे देऊन ठेवी. उसाच्या नोंदींचा किंवा पगारपत्रकाचा तुकडा त्या नावाखाली सापडे. वाचता मात्र येत नसे. दर वेळी तपासणी गाळली की तक्त्यातला घोळ वाढत जाई आणि महिन्या-दोन महिन्यांनी सगळा संगणक "फॉरमॅट मारायला" जाई.

या रोगाचे मूळ काढणारी कल्पना साधी होती. डिस्कवर बदल करण्याआधी, काय बदल करणार आहोत ते एका वेगळ्या रोजनाम्यात लिहायचे. वीज गेली तर परत आल्यावर रोजनामा बघायचा आणि अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे किंवा मागे घ्यायचे. एनटीएफएस ही डिस्कची मांडणी १९९३ पासून असे करत होती. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या मुख्य गाभ्यात अशी सोय असलेली ईएक्सटी-३ ही मांडणी २००१ मध्ये आली. सेव्ह न केलेले पत्र त्यानेही वाचत नसे, पण तक्ता शाबूत राही. एक्सपी रुळली तशी स्कॅनडिस्कची पट्टी पडद्यावरून गेली. लोकांना वाटले, नवे मशीन चांगले आहे. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी मूळ चूक दुरुस्त केली होती, हे त्यांना कसे कळणार?

पुन्हा चालू केले की सगळे ठीक होते, या अनुभवात एक धोका दडलेला आहे. रिस्टार्टने चूक जात नाही, तिचा पुरावा जातो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संगणक चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक मोजक होता, ३२ बिटांचा. तो सुमारे ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येई आणि त्या वेळी मशीन अडू शके. हा दोष बाहेर यायला कित्येक वर्षे लागली, कारण विंडोज ९५ सलग पन्नास दिवस चालवणारे जवळजवळ कुणीच नव्हते. त्याआधीच कुणीतरी तीन कळा दाबलेल्या असत.

कार्यालयातल्या संगणकात हे खपते. सौदी अरेबियातल्या धाहरान इथे २५ फेब्रुवारी १९९१ ला ते खपले नाही. आखाती युद्धात तिथे तैनात असलेल्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजे, आणि हा दहावा भाग २४ बिटांत पूर्ण मावत नाही. प्रत्येक मोजणीला अत्यल्प शिल्लक राही. शंभर तासांहून अधिक काळ यंत्रणा बंद न केल्यामुळे ही शिल्लक सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत, ०.३४ सेकंद, साचली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिले, क्षेपणास्त्र तिला दिसलेच नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले.

मन सुन्न करणारी गोष्ट पुढची आहे. दोष माहीत होता. इस्रायलने आपल्या यंत्रणांचे आकडे आधीच कळवले होते. २१ फेब्रुवारीला पॅट्रियट प्रकल्पाच्या कार्यालयाने सर्वांना कळवले की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर निशाणा सरकू शकतो. "फार वेळ" म्हणजे किती तास, ते लिहिले नव्हते. बंद करून चालू करायला मिनिट-दीड मिनिट लागे, आणि तेवढ्याने घड्याळ शून्यावर येऊन चूकही तात्पुरती मिटली असती. मूळ दुरुस्ती केलेला प्रोग्राम १६ फेब्रुवारीला निघाला होता. तो धाहरानला पोचला २६ तारखेला, हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये हा सगळा क्रम अहवालात मांडला. तो वाचल्यावर रिस्टार्ट चांगला की दुरुस्ती चांगली असा वाद घालावासा वाटत नाही. त्या दिवशी दोन्ही हवे होते, आणि आपण कधी काय करायचे हे सांगणारी स्पष्ट नोंदही हवी होती.

अशी नोंद ठेवणारे लोक दौंडला अनेक पिढ्या राहतात. दौंड हे रेल्वेचे गाव. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला तेव्हापासूनचे जंक्शन. स्थानकावर पॅनेल असते तिथे स्टेशन मास्तर बटणांनी मार्ग लावतो. गाडीसाठी मार्ग लावला, सिग्नल दिला, गाडी जवळ आली, आणि आता काही कारणाने तो मार्ग रद्द करायचा आहे. साध्या बटणाने तो रद्द होत नाही. त्यासाठी आणीबाणीचे वेगळे बटण आहे. ते दाबले तरी मार्ग लगेच मोकळा होत नाही. साधारण १२० सेकंद जाऊ द्यावे लागतात, म्हणजे येणारी गाडी तोवर थांबलेली तरी असेल किंवा निघून गेलेली. आणि त्या बटणाला एक मोजक जोडलेला असतो. बटण दाबले की त्यावरचा आकडा एकाने वाढतो, आणि तो मागे फिरवण्याची सोय मास्तरांकडे नसते. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, वेळ आणि कारण नोंदवहीत लिहावे लागते. पाळी बदलताना नवा माणूस ते आकडे पडताळून घेतो. सिग्नल विभागाचा माणूस येतो तेव्हा तोही बघतो. एखाद्या बटणाचा आकडा भराभर वाढत असेल तर तिथे सांधा, ट्रॅक सर्किट किंवा रिले यांत काहीतरी बिघडले आहे, हे कुणी तक्रार न करताही कळते.

संगणकाच्या तीन कळांना ब्रॅडली यांनी दोन हात लावले, पण हा मोजक लावला नाही. काही मिनिटांच्या कामात तो सुचण्याचे कारणही नव्हते. त्यांच्यानंतर आलेल्यांना मात्र वेळ होता.

दौंडला दुसरीही एक गोष्ट होती. मनमाड-नगरकडून आलेली गाडी पुण्याला न्यायची तर दौंडला इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्यात जाणारा वेळ वेळापत्रकातच धरलेला असे, म्हणून तो उशीर कुणाला उशीर वाटत नसे. प्रवासी खाली उतरत, चहा पीत. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले आणि मग कॉर्ड लाईन झाली, तेव्हा पुण्याच्या गाड्या दौंड जंक्शनला न शिरता थेट वळू लागल्या. काम एखाद-दुसऱ्या किलोमीटरच्या रुळाचे. पण एखादी अडचण वेळापत्रकात बसवली की ती दुरुस्त करायची आहे हेच विसरले जाते, आणि सॉफ्टवेअरमध्येही हे रोज घडते. सकाळी आल्यावर संगणक आधी एकदा रिस्टार्ट करायचा, प्रिंट देण्याआधी फाईल बंद करून उघडायची, असे नियम कित्येक कार्यालयांत नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितले जातात. नियम कुणी घातला हे कुणाला आठवत नाही.

मायक्रोसॉफ्टला मोजकाची किंमत २००१ च्या सुमारास कळली. ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी यांच्यात प्रोग्राम कोसळला की "अहवाल पाठवू का?" असे विचारणारी चौकट आली. डॉक्टर वॉटसनची फाईल आता कंपनीकडे जाऊ लागली. ऑक्टोबर २००२ मध्ये बामर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात त्यातून निघालेला निष्कर्ष सांगितला: सुमारे २० टक्के दोष ८० टक्के बिघाडांना कारणीभूत होते, आणि निम्मे बिघाड तर अवघ्या १ टक्का दोषांतून येत होते. ते वाचून आपण थक्क झालो, असे त्यांनी लिहिले. मला हा आकडा या सगळ्या इतिहासातला सर्वांत आशेचा वाटतो. लाखो लोक जगभर तीन कळा दाबत होते, आणि त्यांतल्या निम्म्यांचे कारण थोड्याशा चुका होत्या. मोजल्याबरोबर त्या सापडल्या.

कळ काढून टाकणे हाही उपाय नाही, हे लिनक्सवाल्यांनी अनुभवले. तिथे कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस दाबले की पडद्यावरचे सगळे एका झटक्यात बंद होई. २००९ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवली जाऊ लागली; उबंटू या लिनक्सच्या त्या एप्रिलच्या आवृत्तीत ती चालेनाशी झाली. चुकून दाबली जाते, न जपलेले काम जाते, आणि पडदा गोठत असेल तर ड्रायव्हर दुरुस्त करा, हा एक पक्ष. ड्रायव्हर दुरुस्त होईपर्यंत आम्ही काय वीज काढायची, हा दुसरा. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सने मधली वाट काढली: एकदा दाबली तर फक्त आवाज येतो, लगेच दुसऱ्यांदा दाबली तरच सगळे बंद होते. माझे मत या तिसऱ्यांच्या बाजूने आहे. वाट असावी, ती अंमळ अवघड असावी आणि तिच्यावरून कोण, केव्हा गेले ते दिसावे.

१९ जुलै २०२४ ला या प्रश्नाने पुन्हा सगळ्या जगाला गाठले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक सदोष फाईल पसरली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. क्लाउडवरच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टचा तातडीचा सल्ला होता: पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करा, काहींना पंधरा वेळाही करावे लागले. मुळातली चूक अशी होती की प्रोग्रामचा एक भाग २१ माहितीघटक येतील असे धरून चालला होता आणि प्रत्यक्षात २० येत होते. किती आले ते मोजून बघणारी तपासणी तिथे नव्हती.

शिरूर-दौंडच्या कार्यालयांत आज संगणक अडतो तेव्हाही कुणीतरी तिन्ही दाबतो, आणि त्याने दाबायलाच हव्यात. समोर रांग उभी असते. पण २००७ पासूनच्या प्रत्येक विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची एक नोंदवही पडून आहे. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" एवढे टाइप केले की ती उघडते. कोणत्या तारखेला कोणता प्रोग्राम कोसळला, कोणत्या फाईलपाशी, हे तिथे दिवसवार लिहिलेले असते आणि संगणकाच्या स्थैर्याला एक ते दहामध्ये गुणही दिलेले असतात. महिन्यातून एकदा ती उघडावी. एकाच प्रोग्रामचे नाव पुन्हा पुन्हा दिसले, तर ते पान प्रिंट करून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे पाठवावे आणि दुरुस्तीची तारीख लेखी मागावी.